चालू मालिकेतील ताजा अंक कसा वाचावा : ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’, अंक १२१

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• चालू चित्रकथा-मालिकेतील अंक हा स्वतंत्र कथेपेक्षा आणि क्रमशः कादंबरीच्या प्रकरणापेक्षा वेगळा कसा असतो, हे सांगता येईल.
• ‘स्पायडर-मॅन’ मालिकेच्या १२१व्या अंकाच्या आधारे अशा अंकाचे कथनतंत्र स्पष्ट करता येईल.
• मालिकेतील एखादी घटना खरोखर परिणामकारक आहे की नाही, हे ठरविण्याचे निकष सांगता येतील.
• हे निकष कोणत्याही मालिकेच्या ताज्या अंकाला लावून पाहता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आज तुम्ही सलग पुस्तकरूपाने वाचता. तिच्या पहिल्या वाचकांनी मात्र ती १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः वाचली. एक प्रकरण वाचून झाल्यावर पुढचा अंक येईपर्यंत यमूचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्यांच्या मनात राहत असे. पुस्तकाच्या वाचकाला पाने उलटून शेवट पाहता येतो. ती सोय साप्ताहिकाच्या वाचकाला नव्हती. त्याला वाट पाहावी लागे, आणि ही वाट पाहणे हाही त्याच्या वाचनाचाच एक भाग असे.

मराठीत याच्या अगदी उलट रीतीच्या मालिकाही तुमच्या परिचयाच्या आहेत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांचे कोणतेही पुस्तक आधी हाती घेतले तरी बिघडत नाही. प्रत्येक पुस्तकात नवे संकट येते, नायक त्यातून पार पडतो आणि पुढच्या पुस्तकात तितक्याच उत्साहाने पुन्हा उभा राहतो. मागच्या साहसाचा व्रण त्याच्या अंगावर सहसा राहत नाही.

अमेरिकेतील सुपरहिरोंच्या चित्रकथा-मालिका या दोन्ही रीतींच्या मध्ये उभ्या आहेत. त्यांत कथा अंकामागून अंक पुढे सरकते, म्हणून त्या क्रमशः कादंबरीसारख्या वाटतात. परंतु नायक लोकप्रिय आहे तोवर मालिका बंद करावयाची नसते, म्हणून त्यांना शेवट नसतो. ज्या कथेला शेवट करण्याची मुभा नाही, तिच्यातील एका अंकाला अर्थ कशाने येतो? याच प्रश्नाचा विचार आपण या घटकात करणार आहोत. त्यासाठी जून १९७३ ही तारीख मुखपृष्ठावर असलेला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक आपण निवडला आहे. तो आज पन्नास वर्षांहून जुना आहे. परंतु आपण तो त्या दिवशीचा ताजा अंक म्हणून वाचण्याचा प्रयत्न करू.

२. विषय-विवेचन

२.१ शेवट नसलेल्या कथेची अडचण

सुपरहिरोंच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः जून १९३८च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’ क्र. १ पासून मानला जातो. सुपरमॅन त्यात प्रथम अवतरला. या नायकासंबंधी इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९६२ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांच्या मांडणीचा आशय थोडक्यात असा : पुराणातील नायक अचल असतो, त्याची कथा घडून गेलेली असते आणि श्रोत्यांना ती ठाऊक असते. कादंबरीतील पात्र मात्र काळात जगते. ते निर्णय घेते, बदलते, झिजते आणि प्रत्येक कृतीगणिक मृत्यूच्या थोडे जवळ जाते. सुपरमॅनला पुराणपुरुषासारखे अचलही राहावयाचे आहे आणि कादंबरीतील पात्रासारखे दर खेपेला काही नवेही करावयाचे आहे. या पेचातून सुटण्यासाठी त्याच्या कथा एका धूसर काळात घडतात. आधीची कथा आणि नंतरची कथा यांचा संबंध अस्पष्ट ठेवला जातो. नायक विवाह करीत नाही, वृद्ध होत नाही, कारण तसे काही झाले तर तो काळाच्या तडाख्यात सापडेल.

एकोंचे हे विश्लेषण तोवरच्या सुपरमॅन-कथांना चांगले लागू पडते. परंतु त्याच वर्षी, म्हणजे १९६२ साली, मार्व्हल कॉमिक्सच्या ‘अमेझिंग फँटसी’ या नियतकालिकाच्या १५व्या अंकात एक वेगळा नायक आला. ऑगस्ट १९६२ची तारीख असलेला हा त्या नियतकालिकाचा अखेरचा अंक होता. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्यात अकरा पानांची एक कथा दिली. पीटर पार्कर या शाळकरी मुलाला किरणोत्सर्गी कोळी चावतो आणि त्याच्या अंगी अचाट शक्ती येते. ती शक्ती तो पैसा व प्रसिद्धी मिळविण्यासाठी वापरू लागतो. एका पळणाऱ्या चोराला अडविणे सहज शक्य असताना तो अडवीत नाही. पुढे तोच चोर त्याच्या बेनकाकांचा खून करतो.

या कथेच्या केंद्रस्थानी भूतकाळातील एक चूक आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी नाही. पीटरचे पुढील सारे आयुष्य त्या एका क्षणाच्या ऋणात जाते. मार्च १९६३पासून त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली, तेव्हा काळही हळूहळू सरकू लागला. पीटर शाळा संपवून महाविद्यालयात गेला. डिसेंबर १९६५च्या ३१व्या अंकात त्याची सहाध्यायी म्हणून ग्वेन स्टेसी प्रथम दिसली, आणि पुढे ती त्याची प्रेयसी झाली. नोव्हेंबर १९७०च्या ९०व्या अंकात स्पायडर-मॅन आणि डॉक्टर ऑक्टोपस यांच्या झुंजीत ढासळलेल्या मलब्यापासून एका मुलाला वाचविताना ग्वेनचे वडील, कॅप्टन स्टेसी, मरण पावले. ग्वेनने त्या मृत्यूचा दोष स्पायडर-मॅनला दिला. तोच आपला पीटर आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

या मालिकेने आपल्या वाचकाला मागचे स्मरणात ठेवावयास शिकविले. मागील घटनांचा उल्लेख आला की चौकटीच्या कडेला संपादकाची लहानशी टीप असे आणि तीत तो प्रसंग कोणत्या अंकात घडला ते सांगितलेले असे. या परस्परसंबंधाला आपण ‘कथासातत्य’ म्हणू. कथासातत्य जसजसे घट्ट होत जाते, तसतशी शेवट न करण्याची अडचण तीव्र होत जाते. स्मरण साठत राहते, आणि नायक मात्र तरुण व सुटाच राहावयास हवा असतो.

२.२ अंक : एक वस्तू आणि एक सामूहिक निर्मिती

साहित्याचा अभ्यास करताना आपण बहुधा संहितेचा विचार करतो आणि तिच्या भौतिक रूपाकडे दुर्लक्ष करतो. चित्रकथेच्या बाबतीत तसे करून चालत नाही. १२१वा अंक ही वीस सेंट किमतीची एक पातळ पुस्तिका होती. तीत सुमारे वीस पानांची कथा, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांचे सदर असे. या सदराचे नाव ‘द स्पायडर्स वेब’ होते. पुस्तिका वृत्तपत्रविक्रेत्याकडे मिळे आणि पुढच्या महिन्यात तिची जागा नवी पुस्तिका घेई.

ही निर्मिती एकट्याची नसते. १२१व्या अंकाचे लेखन गेरी कॉनवे यांनी केले. १९५२ साली जन्मलेले कॉनवे त्या वेळी जेमतेम विशीत होते. पेन्सिलीची चित्रे गिल केन यांची होती, शाईकाम प्रामुख्याने जॉन रोमिता यांचे होते आणि संपादक रॉय थॉमस होते. मार्व्हलमध्ये त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीत लेखक प्रथम कथेचा आराखडा देई, त्यावरून चित्रकार पाने रेखाटी आणि चित्रे पाहून लेखक मग संवाद लिही. त्यामुळे चित्र आणि शब्द एकाच हातून, एकाच वेळी उतरत नसत. त्यांच्यात कधी कधी फटही राहून जाई. या अंकात ज्या पुलावर सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडतो, त्याला संवादात जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हटले आहे. चित्रात मात्र दगडी कमानींचा ब्रुकलिन पूल ओळखू येतो. वाचकांनी ही विसंगती अनेक वर्षे चर्चेत ठेवली. आपल्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे ती अशासाठी की, चित्रकथा ही शब्द आणि चित्र या दोन भाषांतील संहिता आहे आणि दोन्ही भाषा नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत, हे तिच्यावरून कळते. या मुद्द्याकडे आपल्याला लवकरच परत यावयाचे आहे.

२.३ चार प्रश्न

ताजा अंक हाती आला की त्याला पुढील चार प्रश्न विचारावेत :
(१) हा अंक समजण्यासाठी मागचे काय आठवावे लागते?
(२) या अंकात नेमके काय बदलले?
(३) तो बदल मागे घेता येण्याजोगा आहे काय?
(४) त्या बदलाची किंमत कोणी मोजली?

पहिल्या दोन प्रश्नांवरून अंकाची रचना कळते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नांवरून त्याचे मोल ठरते. आता या प्रश्नांच्या आधारे १२१वा अंक वाचू.

२.४ अंक १२१ चे वाचन

मुखपृष्ठापासून आरंभ करू. त्यावर स्पायडर-मॅनभोवती त्याच्या निकटच्या माणसांचे चेहरे मांडलेले आहेत आणि यांपैकी कोणीतरी मरणार, असे वाचकाला बजावले आहे. कोण, ते सांगितलेले नाही. पहिल्या पानावर कथेचे शीर्षकही नाही. ते अखेरच्या पानावर येते. ‘ग्वेन स्टेसी मेली ती रात्र’ असा त्या शीर्षकाचा अर्थ आहे. ते आरंभी छापले असते तर सारे रहस्य उघड झाले असते. एरवी शीर्षक वाचकाला कथेच्या दारापर्यंत नेते. येथे ते कथा संपल्यावर थडग्यावरील लेखासारखे उभे राहते.

पहिला प्रश्न : मागचे काय आठवावे लागते? पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न अंमली पदार्थांमुळे पुन्हा आजारी पडलेला आहे. मे ते जुलै १९७१ या काळातील ९६ ते ९८ या अंकांत त्याच्या व्यसनाची कथा येऊन गेली होती. त्या वेळी अमेरिकेतील चित्रकथांच्या आचारसंहितेत अंमली पदार्थांच्या चित्रणाला मज्जाव होता, म्हणून ते तिन्ही अंक मान्यतेच्या शिक्क्याविना निघाले होते. हॅरीचे वडील नॉर्मन ऑस्बॉर्न हेच ‘ग्रीन गॉब्लिन’ हा खलनायक आहेत, हे १९६६ सालच्या ३९व्या व ४०व्या अंकांत उघड झाले होते. त्यानंतर त्यांची त्याविषयीची स्मृती नाहीशी झाली होती. आता मुलाचे आजारपण आणि धंद्यातील ओढाताण यांच्या ताणाखाली ती परत येते. स्पायडर-मॅन म्हणजेच पीटर, हेही त्यांना आठवते. नवा वाचक हे सर्व अंकातील सूचक उल्लेखांवरून समजून घेऊ शकतो. जुन्या वाचकाला मात्र ऑस्बॉर्नच्या कपाळावरील पहिल्या आठीतच पुढचे संकट दिसते. एकच चौकट दोन वाचकांना दोन भिन्न तीव्रतांनी भिडते, आणि हे सामर्थ्य केवळ कथासातत्यातून येते.

दुसरा प्रश्न : नेमके काय बदलले? गॉब्लिन ग्वेनला पळवून पुलाच्या उंच मनोऱ्यावर नेतो. पीटर स्वतः आजारी आहे. तरीही तो तेथे पोहोचतो. झुंजीत गॉब्लिन बेशुद्ध ग्वेनला मनोऱ्यावरून खाली लोटतो. स्पायडर-मॅन जाळ्याचा धागा सोडतो. तो तिच्या पायांना चिकटतो आणि ती पाण्यावर आदळण्यापूर्वी अधांतरी थांबते. दहा वर्षे ही मालिका वाचणाऱ्याला याचा अर्थ एकच वाटणार : ती वाचली. स्पायडर-मॅनलाही तसेच वाटते. तिला वर ओढून घेताना तो आपल्या कौशल्याबद्दल समाधानाने बोलत असतो. ती उत्तर देत नाही.

आता त्या एका चौकटीकडे नीट पाहा. धागा ताणला जाऊन ग्वेनचे पडणे थांबते, त्या क्षणी तिच्या मानेजवळ एक लहानसा ध्वनिशब्द छापला आहे. काहीतरी कट्‌कन तुटल्याचा तो आवाज आहे. चित्रकथांतील ध्वनिशब्द बहुधा मोठे, रंगीत आणि गर्जना करणारे असतात. हा इतका लहान आहे की घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटावा. यानंतर गॉब्लिन वेगळेच कारण सांगतो : इतक्या उंचीवरून पडणारा माणूस खाली पोहोचण्याआधीच मरतो. म्हणजे एका मृत्यूची दोन स्पष्टीकरणे एकाच संहितेत शेजारी ठेवलेली आहेत. खलनायकाच्या तोंडचे शब्द एक कारण देतात. चित्राच्या कोपऱ्यातील अक्षरे दुसरे सुचवितात. गॉब्लिनचे म्हणणे खरे असेल तर पीटर निर्दोष आहे. ध्वनिशब्द खरा असेल तर ज्या धाग्याने तिला वाचवावयाचे होते, त्याच्याच झटक्याने ती गेली.

अंकाने याचा निवाडा केलेला नाही. पुढे ऑक्टोबर १९७३च्या १२५व्या अंकात, वाचकांच्या पत्रांच्या सदरात, संपादकांकडून उत्तर आले : पडणे एकाएकी थांबल्यामुळे मानेला बसलेल्या झटक्याने तिचा मृत्यू झाला. कथेतील सर्वांत यातनामय प्रश्नाचा उलगडा कथेच्या चौकटीत न होता पत्रांच्या पानावर झाला. मालिका केवळ कथेच्या पानांवर घडत नाही, वाचक आणि संपादक यांच्या संवादातही ती घडत असते, हे यावरून लक्षात येईल.

तिसरा प्रश्न : बदल मागे घेता येण्याजोगा आहे काय? येथे बेनकाकांच्या मृत्यूशी तुलना उपयुक्त ठरते. बेनकाका अकरा पानांच्या कथेत आले आणि गेले. त्यांचा मृत्यू ही कथेची पूर्वअट होती. वाचकाला त्यांचा लळा लागण्यास अवधीच मिळाला नव्हता. ग्वेन मात्र सात वर्षांहून अधिक काळ मालिकेत होती. ज्या मुलाने तिला शाळेत असताना प्रथम पाहिले, तो तिच्या मृत्यूच्या वेळी तरुण झाला होता. तिचा मृत्यू वाचकाच्या स्वतःच्या गेलेल्या वर्षांतून काहीतरी काढून घेतो. शिवाय सुपरहिरोने संकटातील स्त्रीला अखेरच्या क्षणी वाचवावयाचे, हा जणू या साहित्यप्रकाराने वाचकाला दिलेला शब्द होता. तो या अंकात मोडला. एकदा मोडलेला शब्द पुढच्या अंकात परत जुळत नाही. त्यानंतर उंचावरून पडणारे प्रत्येक माणूस वाचकाला ग्वेनची आठवण देत राहिले.

२.५ पुढचा अंक : दाराचा आवाज

जुलै १९७३च्या १२२व्या अंकात पीटर गॉब्लिनचा सूड घेण्यासाठी निघतो. तो त्याला मरणाच्या सीमेपर्यंत मारतो, परंतु वेळीच स्वतःला आवरतो. यानंतर गॉब्लिन स्वतःचेच उडते यान दुरून त्याच्यावर सोडतो. पीटर बाजूला होतो आणि ते यान गॉब्लिनच्याच छातीत घुसते. साध्या सूडकथेत येथे वाचकाला समाधान मिळाले असते. पीटरला ते मिळत नाही. शत्रू मेला, तरी गेलेली व्यक्ती परत आली नाही, एवढेच त्याच्या हाती उरते.

अंकाचे अखेरचे पान या दोन्ही अंकांतील सर्वांत शांत पान आहे. ग्वेनची मैत्रीण मेरी जेन वॉटसन त्याला त्याच्या खोलीवर भेटते. तोवर ती मालिकेत चंचल, मौजमजेत रमणारी मुलगी म्हणून वावरली होती. पीटर आपल्या दुःखात तिला टाकून बोलतो आणि जा म्हणून सांगतो. ती दारापर्यंत जाते, क्षणभर थांबते आणि दार आतून लावून घेते. शेवटच्या चौकटींत जवळजवळ शब्द नाहीत. दाराच्या कडीचा बारीक आवाज तेवढा आहे. मागच्या अंकातील लहानशा ध्वनिशब्दाने एक आयुष्य संपविले होते. या ध्वनिशब्दाने एका पात्राला प्रौढ केले. शेवट करता न येणाऱ्या मालिकेने शेवटाचे ओझे कसे पेलावे, याचे उत्तर या पानावर आहे. दुःख आवरून टाकले जात नाही. त्याच्या सोबतीला एक माणूस थांबते आणि कथा पुढे चालू राहते.

२.६ मूल्यमापन आणि आक्षेप

आता चौथा प्रश्न : किंमत कोणी मोजली? हा प्रश्न गैरसोयीचा आहे आणि म्हणूनच तो टाळू नये. पीटर व ग्वेन यांचे नाते ज्या टप्प्यावर पोहोचले होते, तेथून पुढे विवाह हीच स्वाभाविक वाट होती. विवाहित नायक वयस्क वाटेल, अशी भीती निर्मात्यांना होती. हा निर्णय नेमका कोणाचा, याविषयी संबंधितांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. मात्र नायकाला सुटा ठेवण्याची मालिकेची गरज या निर्णयामागे होती, यात शंका नाही. एकोंनी सांगितलेला पेच येथे पुन्हा समोर येतो. नायकाला काळापासून वाचविण्यासाठी नायिकेला काळाच्या स्वाधीन केले गेले.

आणखी एक गोष्ट पाहा. पुलावर ग्वेन आरंभापासून अखेरपर्यंत बेशुद्ध आहे. तिला काय वाटले, तिने काय पाहिले, आपला प्रियकर कोण आहे हे तिला कळले काय, याला कथेत जागाच नाही. मृत्यू तिचा, पण अनुभव सर्वस्वी पीटरचा. १९९९ साली लेखिका गेल सिमोन यांनी सुपरहिरो-कथांत मारल्या गेलेल्या, छळल्या गेलेल्या किंवा शक्ती हिरावल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची एक मोठी यादी मांडली. पुरुषनायकाला दुःख व्हावे, त्याच्या कथेला गती यावी, एवढ्यासाठीच स्त्रीपात्रांचा बळी का दिला जातो, असा प्रश्न त्या यादीमुळे सर्वांसमोर आला. १२१व्या अंकाचे थोरपण मान्य करूनही हा आक्षेप त्याला लागू पडतो. समीक्षेत दोन्ही विधाने एकत्र करता येतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप मालिकेच्या पुढील वाटचालीवर आहे. अपरिवर्तनीय घटनेचे सामर्थ्य एकदा प्रत्ययास आल्यावर प्रकाशकांना तिचा मोह पडू लागला. जानेवारी १९९३ची तारीख असलेल्या ‘सुपरमॅन’ क्र. ७५ मध्ये सुपरमॅनचा मृत्यू दाखविण्यात आला. त्या अंकाच्या लक्षावधी प्रती खपल्या; परंतु त्याच वर्षात सुपरमॅन परतला. स्पायडर-मॅनच्या मालिकेतही १९७५ साली ग्वेनची हुबेहूब प्रतिकृती आणण्यात आली आणि १९९६ साली नॉर्मन ऑस्बॉर्न जिवंत असल्याचे सांगण्यात आले. अंकांची मोजणीसुद्धा अखंड राहिली नाही. ४४१ अंकांनंतर १९९९च्या आरंभी ती पुन्हा एकपासून सुरू झाली. मृत्यू परत घेता येतो, हे एकदा वाचकाला कळले की पुढच्या मृत्यूने त्याच्या काळजात धस्स होत नाही. तो फक्त किती महिने थांबावे लागेल, याचा हिशेब करतो. प्रतिकृती आल्या, दुसऱ्या विश्वातील ग्वेनही २०१४ साली स्वतंत्र नायिका म्हणून आली; परंतु १२१व्या अंकात गेलेली मूळची ग्वेन मालिकेने कित्येक दशके परत आणली नाही. त्या अंकाचा दबदबा टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

३. सारांश

चालू मालिकेतील अंक अपूर्ण असतो. त्याच्यामागे वाचकाच्या स्मरणातील अनेक अंक असतात आणि पुढे अद्याप न लिहिलेले अंक असतात. मालिकेला शेवट करता येत नाही, म्हणून तिच्यातील घटना सहज फोल ठरण्याचा धोका असतो. जेव्हा एखादा अंक वाचकाच्या साठलेल्या स्मरणाचा आधार घेऊन परत न फिरणारा बदल घडवितो आणि त्याची किंमत पुढील अंकांतही मोजतो, तेव्हा त्याला कथेत कायमचे स्थान मिळते. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक त्या पात्रतेचा आहे. मात्र ती किंमत कोणत्या पात्राकडून वसूल केली जाते, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे. तुमच्या हाती येणाऱ्या कोणत्याही मालिकेचा ताजा अंक, मग तो चित्रकथेचा असो वा दूरचित्रवाणीचा भाग असो, याच चार प्रश्नांनी पारखून पाहा. त्यातील घटना किती मोठी आहे यापेक्षा तिचा व्रण पुढच्या महिन्यात दिसतो की नाही, याकडे लक्ष द्या.

४. पारिभाषिक शब्द

चौकट : चित्रकथेच्या पानावरील एक स्वतंत्र चित्र, कथनाचा सर्वांत लहान घटक.
ध्वनिशब्द : आवाज दर्शविण्यासाठी चित्रातच काढलेली अक्षरे.
कथासातत्य : मालिकेतील मागील घटना पुढील अंकांत खऱ्या मानून त्यांचे परिणाम दाखविणे.
चालू मालिका : शेवट ठरविलेला नसलेली मालिका. मुंबईतील पवित्र प्रभाकर हा नायक असलेली ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ (२००४) ही याउलट चार अंकांची मर्यादित मालिका होती.

५. आपली प्रगती तपासा

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) १२१व्या अंकाचे शीर्षक अखेरच्या पानावर का छापले आहे?
(२) ग्वेनच्या मृत्यूची कोणती दोन कारणे अंकात सुचविली आहेत?
(३) बेनकाकांचा मृत्यू आणि ग्वेनचा मृत्यू यांत वाचकाच्या दृष्टीने मुख्य फरक कोणता?

उत्तरे : (१) कोणाचा मृत्यू होणार, हे रहस्य शीर्षकामुळे आधीच उघड होऊ नये म्हणून. (२) उंचावरून पडणे, आणि जाळ्याच्या धाग्याने मानेला बसलेला झटका. (३) बेनकाकांचा मृत्यू ही कथेची पूर्वअट आहे. ग्वेनच्या मृत्यूने वाचकाच्या दीर्घ सहवासातील व्यक्ती हिरावली जाते.

६. स्वाध्याय

(१) ‘शब्द आणि चित्र नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत’ हे विधान १२१व्या अंकाच्या आधारे स्पष्ट करा.
(२) क्रमशः कादंबरी, स्वतंत्र पुस्तकांची मालिका आणि चालू चित्रकथा-मालिका यांतील काळाच्या हाताळणीची तुलना करा.
(३) तुम्ही पाहत किंवा वाचत असलेल्या एखाद्या मालिकेचा सर्वांत अलीकडचा भाग निवडा. या घटकातील चार प्रश्न त्याला लावून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा. एक महिन्याने तेच टिपण पुन्हा वाचा आणि तिसऱ्या प्रश्नाचे तुमचे उत्तर टिकले की नाही, ते नोंदवा.